संडासाचा वाटा

“यशोधरा, आत काय मेलंय?”

विजयकर साहेब बोटीच्या संडासातून पाठमोरे बाहेर आले. एका हातात पँटचा पट्टा, दुसऱ्या हाताने नाकावर रुमाल. त्यांच्या मागोमाग वास आला. कुजलेल्या अंड्याचा असतो तसा, वर थोडा खाडीच्या चिखलाचा. जिना चढून तो वर पाहुण्यांपर्यंत गेला. चार पाहुणे हातात ग्लास धरून बसले होते. एक बाई पर्स उघडून काहीतरी शोधायला लागल्या.

“साहेब, सकाळी दोनदा धुतलंय. फिनेल टाकून.”

“मग काय, वास माझा आहे?”

“ते मला कसं माहीत असणार?”

सुकाणूवर बसलेला पोशा नाखवा खोकला. हसू आलं की तो खोकायचा. साहेबांपुढे हसणं बरं दिसत नाही म्हणून.

साहेबांनी मला जिन्याखाली घेतलं. आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की समजायचं, खरं बोलतायत.

“पुढच्या रविवारी आई येतेय बोटीवर. पंचाहत्तरी आहे तिची. तिला दर तासाला जावं लागतं. त्या दिवशी हा वास आला, तर सोमवारी तू येऊ नकोस. आधीच सांगून ठेवतो.”

“आणि नाही आला तर?”

“तर ये.”

म्हणजे माझी नोकरी एका संडासावर टांगलेली होती. हसायचं असेल तर हसा, मीही आता हसते. पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि ही माझी चौथी नोकरी होती. आधीच्या तिन्ही तोंडामुळे गेल्या. शेवटची सासवण्याच्या एका बंगल्यावर होती. तिथल्या मॅनेजरला मी म्हणाले होते, “तुम्ही वापरता तसा संडास आमच्याकडे म्हशीसुद्धा वापरत नाहीत.” खरं होतं. पण खरं बोलायला पगार नसतो. आईने सांगून ठेवलं होतं की ही नोकरी गेली की मामाने बघितलेला मुलगा पक्का. पनवेलचा, दुधाच्या गाडीवरचा. त्याचा फोटो आमच्या आरशात खोचून ठेवला होता. वेणी घालताना रोज तो माझ्याकडे बघायचा.

आणि मला समुद्र आवडायचा. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. आमच्या बौद्धवाडीतून समुद्र दिसतो, पण तिथल्या कोणाला बोटीवर कामाला मी पाहिलेलं नव्हतं. विजयकर साहेबांना पाहुण्या बायकांसाठी बोटीवर एक बाई माणूस हवं होतं, म्हणून मला घेतलं. तीन महिने बघू म्हणाले. तिसरा महिना चालू होता.

बोटीचं नाव ‘शुभ्रा’. शिडाची, पांढरी, मांडव्याच्या धक्क्यापासून जरा लांब पाण्यात नांगरलेली. तिच्यावर आम्ही दोघंच कामाला. नाखवा बोट चालवायचा. मी स्वयंपाक करायचे, पुसायचे, धुवायचे, आणि संडास माझ्याकडे. कपाटाएवढी खोली, त्यात लहान मुलाच्या मापाचं भांडं, शेजारी हातपंपासारखा दांडा. दांडा वरखाली केला की एका नळीतून समुद्राचं पाणी भांड्यात येतं, आणि भांड्यातलं सगळं दुसऱ्या नळीतून समुद्रात जातं. हो, समुद्रात. कोणाला किळस आली असेल तर त्याने आपल्या शहराचं कुठे जातं ते एकदा विचारून यावं.

पाहुणे धक्क्यावर उतरले आणि नाखव्याने तोंड उघडलं.

“काय गो, कळला का वास कोनाचा?”

“तुमचा असेल. तुम्ही रोज सुकी मासळी खाता.”

“मी काय त्यांच्या त्या खुर्चीवर बसतंय का? मना समुद्र मोकला हाय.” तो पिंपाकडे गेला. “पानी पिनार?”

इथे पिंपाचं सांगायला पाहिजे. बोटीवर नळ आहे म्हणून पाणी येतं असं नसतं. गोडं पाणी नाखवा गावच्या विहिरीवरून ड्रम भरून होडीने आणायचा, आठवड्याला चार ड्रम, स्वतः वल्हवत. त्यातलं काही आतल्या टाकीत, आणि एक निळं पिंप वर आमच्या दोघांसाठी. पिंपाच्या झाकणावर एक जर्मनचा लोटा उपडा ठेवलेला, कडेला पोचा पडलेला. पहिल्याच दिवशी नाखव्याने नियम सांगितला होता: पिंपाला आणि लोट्याला मी हात लावायचा नाही. “तुझा हात संडासाचा हाय.” तहान लागली की मी ओंजळ धरायची आणि तो वरून ओतायचा.

मी ओंजळ धरली. त्याने ओतलं. त्या दिवशी पाणी कोपरापर्यंत सांडलं आणि तो ओरडला, “सांडू नको! गोडं पानी हाय!”

“मग भांड्यातून द्या, सांडणार नाही.”

तो खोकला नाही.

सोमवारी सकाळी आम्ही होडीने बोटीवर गेलो तेव्हा मी सगळ्यात आधी संडासाचं दार उघडलं आणि आत तोंड घालून जोरात श्वास घेतला. असं कोणी करत नाही. मीही त्याआधी कधी केलं नव्हतं, रोज नाक दाबून आत जायचे. आणि काय? काहीच नाही. फिनेल. भांडं पांढरंशुभ्र.

मग मी दांडा मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्या दांड्याला भांड्यात काळपट पाणी आलं आणि त्याच्याबरोबर तो आला. मी बाहेर पळाले, डोळ्यात पाणी. परत आत गेले, दहाबारा दांडे मारले. पाणी निवळलं, वास कमी झाला. गेला नाही, कमी झाला.

मी भांड्याच्या काठावर बसले आणि विचार केला. रात्रभर इथे कोणी बसलेलं नाही. दार उघडलं तेव्हा वास नव्हता. दांडा मारल्यावर आला. म्हणजे तो भांड्यातून आला नाही, जाणाऱ्या नळीतून आला नाही. येणाऱ्या पाण्यातून आला.

बोटीच्या कपाटात पंपाचं पुस्तक होतं, सगळं इंग्रजी. मी नववी नापास. पण चित्राला इंग्रजी लागत नाही. चित्रात दोन नळ्या होत्या, एक आत येणारी, एक बाहेर जाणारी, बाण काढलेले. येणारी नळी लांबलचक, वर जाऊन वळसा घेऊन खाली. तीत पाणी भरून राहणार. सोमवार ते शनिवार बोट उन्हात उभी, एप्रिल महिना, आणि नळीत समुद्र कोंडलेला. त्यात काय काय असतं, बारीक किडे, शेवाळ, मासळीची अंडी, ते सगळं आत मरत बसणार. आणि तीन महिने मी मूर्खासारखी भांडं घासत होते! जिथे माणसं बसतात तिथेच घाण असणार, हे मीही धरूनच चालले होते.

मी वर येऊन नाखव्याला सांगितलं. तो दोर गुंडाळत होता.

“समुद्राचं पानी सडतंय?” तो म्हणाला. “कोनी शिकवला तुना ह्या?”

“नळीत कोंडलं की सडणारच.”

“अगो येडे, मीठ हाय त्यात. मीठ! बांगडा मिठात घातला तर सालभर राहतंय. आनि गोडं पानी ठेव चार दिस, किडं पडतान. समुद्र कंदी सडत नाय. आमची सात पिढी समुद्रावर गेली.”

“सात पिढ्यांत कोणाच्या बोटीवर संडास होता?”

“नव्हता.”

“मग?”

“मग काय मग? तुझं म्हननं काय, करायचा काय?”

“रोज काम संपलं की नळीतून गोडं पाणी काढायचं. एक बादली. म्हणजे आत खारं पाणी राहणारच नाही.”

त्याच्या हातातला दोर खाली पडला. मी खोटं सांगत नाही, पडला.

“गोडं पानी. संडासात.”

“हो.”

“मी खांद्यावरनं ड्रम आनतंय, वल्हं मारून हात सुजतान, आनि तू मोरीत ओतनार? अगो, आमी बोटीवर गोड्या पान्यानं हात नाय धुवत. तोंड नाय धुवत! माझ्या लग्नाच्या आदल्या दिशीपन मी खाऱ्या पान्यानं आंघोल केली.”

“बायको काय म्हणाली?”

“ती अजून म्हनते हाय.”

मला हसू आलं, त्यालाही आलं, तो खोकला. पण पाणी देईना. मग मी म्हणाले, पैज लावू.

त्याच्याकडे रमच्या दोन रिकाम्या छोट्या बाटल्या होत्या, एकाच कंपनीच्या. कुठून आल्या ते साहेबांना माहीत नव्हतं. मी त्या घासून धुतल्या. एक नाखव्याने स्वतः वाकून समुद्रात बुडवून भरली, दुसरी पिंपातून. मी बाटल्यांना हात लावायचा नाही असं मीच म्हणाले, नंतर भानगड नको. त्याने टोपणं लावली आणि वर फडकं गुंडाळून नायलॉनच्या दोरीने गाठ मारली. ही गाठ त्याच्याशिवाय आणि त्याच्या मेलेल्या बापाशिवाय कोणाला येत नाही, असं तो सगळ्या धक्क्याला सांगायचा. बाटल्या इंजिनच्या खोलीत ठेवल्या. तिथे दुपारी भाकरी भाजेल इतकं तापायचं.

“गुरुवारी उघडायच्या,” मी म्हणाले. “खाऱ्याला वास आला, तर तुम्ही तुमच्या हाताने संडासाला गोडं पाणी ओतायचं.”

“आनि गोड्याला आला तर?”

“तर मी साहेबांना सांगते, मीच नीट धुवत नव्हते. आणि जाते पनवेलला.”

“पनवेलला काय हाय?”

“दुधाची गाडी.”

तीन दिवस मी पितळ घासलं, गाद्या उन्हात टाकल्या आणि इंजिनच्या खोलीकडे बघितलं नाही. नाखवा मात्र दिवसातून दोनदा आत जाऊन गाठी बघून यायचा. मी सोडून परत बांधली असेन असा संशय. गावात गेले की मी आपलं एक काम करत होते, माझ्याआधी या बोटीवर कोण होतं त्याची चौकशी. ते पुढे येईल.

गुरुवारी दुपारी नाखव्याने बाटल्या आणून पायरीवर ठेवल्या. गाठी उलटसुलट करून पाहिल्या.

“माझीच हाय,” तो म्हणाला. थोडा निराश वाटला.

आधी गोड्याची उघडली. नाकाला लावली. परत लावली. मग चक्क एक घोट घेतला आणि जीभ फिरवली. “जरा रमची चव हाय,” तो म्हणाला. “वाईट नाय.”

मग खाऱ्याची. टोपण फिरवताना ‘फस्’ आवाज झाला. नाखव्याने नाक बाटलीजवळ नेलं, आणि सात पिढ्या समुद्रावर गेलेला तो माणूस असा मागे सरकला की डोकं शिडाच्या आडव्या दांड्यावर आपटलं.

“आई गो!”

“डोकं का नाक?”

“दोनी!” डोकं चोळत त्याने बाटली लांब धरली, उन्हात बघितली. पाणी हिरवट झालं होतं, तळाला काळं बसलेलं. त्याने परत एकदा वास घेतला, या वेळी हळू, आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तसा. मग बाटली घट्ट बंद केली. माझ्याकडे बघितलं नाही. समुद्राकडे बघितलं. मला तेव्हा पहिल्यांदा त्याचं जरा वाईट वाटलं. पण फार नाही.

“तोच हाय,” तो म्हणाला. “संडासातलाच.”

“आता काम.”

येणारी नळी काढायची म्हणजे आधी बोटीच्या तळाचा कॉक बंद करायचा. तो बंद न करता नळी काढली तर समुद्र सरळ आत येतो आणि बोट खाली जाते. हे नाखव्याला माहीत होतं, म्हणून कॉक त्याने स्वतः बंद केला, तीनदा तपासला, आणि मी स्क्रू ढिला करत असताना गुडघ्यावर माझ्यासमोर बसून राहिला, हातात फडकी, पाणी आलं तर बोळा कोंबायला.

“सावकाश गो.”

“सावकाशच करतेय.”

“अगो सावकाश!”

नळी निसटली. समुद्र आला नाही. पण वरच्या वळशात तीन दिवस अडकलेलं पाणी होतं, ते आलं. काळं, थंड, आणि वास असा की आधीचे सगळे वास अत्तर वाटावेत. सगळं नाखव्याच्या मांडीवर. त्याने तोंड उघडलं होतं सावकाश म्हणायला, तर थोडं तिथेही.

मी हसले. पोट धरून हसले. त्या कपाटाएवढ्या जागेत हसायलाही जागा नव्हती, माझं डोकं दारावर आपटत होतं. तो थुंकत होता, शिव्या देत होता, मला, नळीला, साहेबांना, नळी करणाऱ्या कंपनीला, आणि मधूनच खोकत होता.

मी नळीचं तोंड बादलीत सोडलं. रिकाम्या बादलीत. “आता ओता,” म्हणाले.

तो वर गेला. मी वाट बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी मी वर गेले. पिंपाचं झाकण उघडं, नाखवा भरलेला लोटा हातात धरून उभा. कपडे अजून तसेच काळे. धुतले नव्हते.

“काय झालं?”

“नाय ओतवत.”

“पैज आहे.”

“म्हाईत हाय पैज हाय.” त्याने लोटा खाली केला नाही. “ह्यो माझ्या बापाचा लोटा. एकदा आमचा इंजन बंद परला. मी बारा वर्साचा होतू, माझा धाकला भाव आठचा. सहा दिस वाहवत होतू, किनारा नाय, बोट नाय. पिंपात तलाला चार बोटं पानी. बा ह्या लोट्यान काढायचा आनि बाटलीच्या टोपनानं वाटायचा. सकाली एक टोपन, सांजला एक. सगल्यांचा वाटा सारका, नाखव्यालाबी एक, पोरालाबी एक. धाकला रडायचा तर बा आपला टोपन त्याला द्यायचा. सातव्या दिशी बोट गावली. बाची जीभ अशी झाल्ती,” त्याने करंगळी वाकडी करून दाखवली, “लाकडासारकी. जगला. पन मरंस्तवर कोनाला थेंब सांडून दिला नाय.”

 

“मग राहू द्या,” मी म्हणाले. “मी आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी आणते. होडीत एका कळशीची जागा द्या. माझं वेगळं पाणी, मी ओतेन.”

त्याला राग आला. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल, तर उलटाच चिडला.

“माझ्या होडीत तुझं पानी वेगलं? नाखवा म्हनवतंय मी! माझ्या बोटीवर कंदी कोनाचं पानी वेगलं नव्हतं!”

“आत्ता आहे, नाखवा,” मी म्हणाले. “तीन महिने मी ओंजळीतून पितेय.”

“ते... तुझा हात संडासाचा...”

“माझ्याआधी तुमचा पुतण्या होता. दामा. विचारून आलेय मी. तो पण संडास धुवायचा. आणि ह्याच लोट्याने प्यायचा.”

पाण्यावर कुठल्यातरी होडीचं इंजिन टुकटुक करत गेलं. लाट आली, शुभ्रा हलली, लोट्यातलं पाणी काठाला आलं. नाखव्याने दुसरा हात लावून सावरलं. एक थेंब सांडला नाही.

मला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, आणि नोकरी गेली तर जाऊ दे असं त्या वेळी खरंच वाटलं. पनवेल तर पनवेल.

तो जिना उतरला. मी मागे गेले. संडासाच्या दारात तो उभा राहिला आणि त्या भांड्याकडे त्याने नवीन खलाशाकडे बघावं तसं बघितलं, वरपासून खालपर्यंत.

“आमच्यात मासली आली की वाटं करतान,” तो म्हणाला. माझ्याशी की भांड्याशी, कळलं नाही. “नाखव्याचा वाटा, खलाशांचा वाटा. होडीचा वाटा, जाल्याचा वाटा. इंजनाचाबी वाटा. जो राबतंय त्याचा वाटा. ह्यो बी राबतंय. सगल्यांत जास्त हाच राबतंय.”

आणि त्याने लोटा बादलीत ओतला.

आठ लोटे झाले. प्रत्येक तो वरून मोजून घेऊन आला, आणि आकडा मोठ्याने म्हणाला. मी दांडा मारला. बादलीतलं पाणी नळीतून वर चढलं, वळसा घेऊन भांड्यात आलं. आधी काळं, मग पिवळट, मग स्वच्छ.

“राहू दे आत,” मी म्हणाले. “रात्रभर. समुद्रातलं जे आत चिकटलंय ते गोड्यात जगत नाही.”

“तुना कसं म्हाईत?”

“तुम्हीच म्हणता ना, खाऱ्यातला मासा गोड्यात मरतो.”

शुक्रवारी परत आठ लोटे, शनिवारी परत आठ. शनिवारी संध्याकाळी मी आत तोंड घालून वास घेतला, मग दांडा मारून घेतला. नाखव्याला बोलावलं. त्याने घेतला.

“कायच नाय,” तो म्हणाला, आणि परत घेतला. त्याला ते खरं वाटेना.

रविवारी आईसाहेब आल्या. नऊवारी नेसून, पायात कापडी बूट, त्यांना दोघांनी धरून होडीतून वर घेतलं. साहेबांनी येता येता माझ्या हातात एक पाकीट दिलं. परदेशी निळ्या गोळ्या, संडासात टाकायच्या, सुगंधी. “हे टाक,” ते म्हणाले, “आणि प्रार्थना कर.” मी पाकीट घेतलं. टाकलं नाही.

पहिल्या तासाला आईसाहेब खाली गेल्या. मी जिन्यात उभी. साहेब वर उभे, रुमाल हातात तयार. दांड्याचा आवाज आला. आईसाहेब बाहेर आल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, “काकडीची कोशिंबीर कोणी केली? मीठ कमी आहे.”

बस. एवढंच.

दुसऱ्यांदा गेल्या, तिसऱ्यांदा गेल्या. पाहुणे गेले. कोणी काही बोललं नाही. दिवसभर मी वाट बघत होते की कोणीतरी काहीतरी म्हणेल, आणि दुपारी चारच्या सुमाराला माझ्या डोक्यात आलं की वास आला तर जग ओरडतं, वास गेला तर कोणाला कळतही नाही. मला इतका राग आला की मी कोशिंबिरीत मूठभर मीठ टाकलं.

शेवटी आईसाहेबच म्हणाल्या. पाचव्या खेपेनंतर.

“मोरू, तू मला सांगितलं होतंस, वास येतो, जपून जा. कुठे येतो? तुझ्या घरच्यापेक्षा बरं आहे.”

साहेब खूश. ग्लास उंच केला. “गोळ्या, आई! खास मागवल्या होत्या. महाग आहेत, पण बघ काय फरक!”

मी तोंड उघडलं. माझ्या आधी सुकाणूवरून नाखवा बोलला. तो पाहुण्यांसमोर कधी बोलत नसे.

“साहेब, गोल्या पाकिटातच हायत. फोडल्याच नाय.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“मग वास कसा गेला?”

“हिला विचारा. हिनं काढला. मी म्हनलू ही येडी हाय. तीन दिस म्हनलू.” त्याने सुकाणू जरा वळवलं. “येडी नाय.”

मी सांगितलं. नळी, कोंडलेलं पाणी, बाटल्या, आठ लोटे, सगळं. फक्त बाटल्या रमच्या होत्या ते सोडून.

“पिण्याचं पाणी?” साहेब म्हणाले. “संडासात?”

“त्याचा वाटा हाय,” नाखवा म्हणाला. “आनि आता आठवड्याला चार नाय, पाच ड्रम लागतील. एक हमाल द्या मना वल्हवायला.”

आईसाहेब हसायला लागल्या. हसता हसता त्यांना परत जावं लागलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “सोमवारी ये.”

तसं त्या दिवशी मला काय मिळालं विचाराल तर हे नाही. सोमवार मला गुरुवारीच, पहिला लोटा ओतला तेव्हाच, मिळाल्यासारखा होता. आणि आज माझ्याकडे सात बोटींच्या पंपांचं काम आहे, सोमवारचं मला कौतुक नाही.

संध्याकाळी नाखव्याने सगळ्यांना धक्क्यावर सोडलं आणि होडी घेऊन परत आला. मी ताटं धुतली, खाऱ्या पाण्याने. खाली जाऊन कॉक बंद केला, नळी काढली, बादली लावली. मग वर येऊन उभी राहिले, नेहमीसारखी, त्याने लोटे द्यायची वाट बघत.

तो शिडाचा दोर गुंडाळत बसला होता. उठला नाही.

“नाखवा, आठ लोटे.”

“तर काढ की.”

“कोण?”

“मना काय चार हात हायत?” तो दोराकडे बघूनच म्हणाला. “झाकनावर हाय लोटा.”

मी पिंपापाशी गेले. लोटा उचलला. हातात घेतल्यावर कळलं, पोचा अंगठ्यासाठीच पडल्यासारखा होता, अंगठा बरोबर त्यात बसत होता. झाकण काढलं, लोटा बुडवला, काठोकाठ भरला. नाखव्याचा दोर थांबला होता. तो बघत नव्हता, पण थांबला होता.

पहिला लोटा मी तोंडाला लावून प्यायले. सगळा. एक थेंब सांडला नाही.

मग आठ संडासाचे काढले, मोठ्याने मोजून.